तिच्यामागं वाकणारा माणूस

परवा पहाटे टाच चादरीला अडकली आणि मला कळलं, थंडी आली. माझी थंडी अशीच येते, टाचांच्या भेगांतून. कॅलेंडरवर कार्तिक असो नाहीतर मार्गशीर्ष, भेगेत चादरीचा धागा अडकल्याशिवाय मी कपाटातून शाल काढत नाही. मग हळूहळू बाकीचं सगळं येतं. यवतेश्वराच्या अंगानं उतरलेलं धुकं गोडोलीच्या तळ्यावर येऊन बसतं. इथं साताऱ्यात पोवई नाक्यावर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पुठ्ठ्याच्या खोक्यांतून विकायला येते, वरच्या थरात लाल, खालच्या थरात पांढरी. उसाच्या ट्रॉल्या मोठ्यानं गाणी लावून कारखान्याकडं निघतात. आणि आमच्या मागच्या दारी, कपड्यांच्या तारेवर, माझी साडी आणि ह्यांचं बनियन यांच्या मधोमध, धुतलेल्या दुधाच्या पिशव्या चिमट्याला लटकलेल्या दिसतात. असतात त्या बाराही महिने, पण थंडीत वाळायला दुपार होते, म्हणून नजरेत भरतात.

त्या पिशव्या बघितल्या की मला गेल्याच्या आदला हिवाळा आठवतो, आणि खोटं कशाला बोलू, अजूनही पोटात जळतं.

ह्यांच्या म्हणजे आमच्या सुभेदारांच्या हातच्या त्या पिशव्या. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर होऊन आले, तेव्हापासून मी त्यांना तोंडावर 'अहो' म्हणते आणि पाठीमागं 'सुभेदार'. ते मला तोंडावर 'ए' म्हणतात. पाठीमागं काय म्हणतात देव जाणे. त्या दिवाळीत आमची मुलगी बंगळुरूला बदलून गेली. तिच्या नव्या सोसायटीत कुत्री चालत नव्हती, म्हणून तिनं आपली कुकी आमच्याकडं आणून सोडली. बिस्किटाच्या रंगाची, जाडजूड, लॅब्राडोर जातीची कुत्री. "आई, दोनच महिने गं," म्हणाली. लेकीच्या दोन महिन्यांवर विश्वास ठेवणारी आई मूर्खच म्हणायची.

सुभेदारांना कुकी हे नाव तोंडात धरता येईना. पहिल्या दिवशी त्यांनी तिला 'कुकर' म्हटलं, दुसऱ्या दिवशी 'कोकी'. तिसऱ्या दिवशी साखळी हातात घेऊन ते तिच्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, चला." ती उठली आणि निघाली. तेव्हापासून ती बाई. बाई, चला. बाई, बसा. बाई, दूध थंड झालंय, घ्या. मी ओट्याशी भाकरी थापत ऐकत होते. माझं लग्न झालं तेव्हापासून ह्या माणसानं मला कधी 'घ्या' म्हटलेलं नाही. माझ्या वाट्याला 'ए, ऐकलं का'. कुत्रीला अहो-जाहो आणि मास्तरीणबाईला अगं-तुगं. हो, मी शाळेत शिकवत होते. सगळा गाव मला बाई म्हणायचा, एक नवरा सोडून. आणि त्यानं तो शब्द जपून ठेवला तो हिच्यासाठी.

लेकीला फोनवर मी सरळ सांगितलं, "तू मला सवत आणून दिलीस." ती हसली. तिला गंमत वाटली.

आमच्या कॉलनीत कुत्री बरीच. सकाळी सगळी आपापल्या मालकांना फिरायला घेऊन निघतात. मी फाटकाशी उभी राहून बघायचे. कुत्रं रस्त्याच्या कडेला गोल फिरून बसलं की मालकाला एकदम आभाळ दिसायला लागतं. कुणी वर अजिंक्यताऱ्याच्या किल्ल्याकडं बघतो, कुणाला नेमका तेव्हाच फोन येतो. साखळीचं एक टोक त्याच्या हातात असतं, पण दुसऱ्या टोकाला काय चाललंय याची त्याला खबर नसते. कुत्र्याचं उरकलं की याचा फोनही उरकतो. मग दोघं ताठ मानेनं पुढं जातात आणि मागं जे उरतं ते सगळ्या कॉलनीचं.

पहिले काही दिवस आमचे सुभेदारही अजिंक्यताऱ्याकडं बघत होते. मग एका सकाळी मगदूम वहिनी रस्त्यात एका पायावर उभ्या दिसल्या. मगदूम वहिनी आमच्या शेजारच्या, मूळच्या सांगलीकडच्या जैन. रोज पहाटे डोक्यावरून अंघोळ करतात, धुतलेलं लुगडं नेसतात आणि पूजेचं ताट घेऊन अनवाणी बस्तीला जातात. जैन मंदिराला त्यांच्याकडं बस्ती म्हणतात. त्या दिवशी अंधुक उजेडात त्यांचा पाय भरला होता. हातातलं ताट खाली ठेवता येईना, पाय टेकवता येईना. कुणाच्या कुत्र्याचं होतं कुणास ठाऊक. सुभेदार तिथंच कुकीला घेऊन उभे.

"वैनी, पाणी आणू का?" ते म्हणाले.

"न्हाई वं, आता पाण्यानं काय हुतंय. परत सगळी अंघुळ आली. माझंच चुकलं, बघून चालायला पायजे व्हतं," वहिनी म्हणाल्या आणि लंगडत घरी गेल्या. त्यांचा अभिषेक चुकला. त्यांनी कुणाला एक शब्द लावला नाही, पण सुभेदार घरी येऊन चहा न पिता बसून राहिले. दुपारी मी बघते तर हा माणूस मोरीत उकिडवा बसलेला आणि दुधाच्या पिशव्या धुतोय. आतून, बाहेरून, उलट्या करून. ज्या माणसानं आपला चहाचा कप कधी विसळला नाही, तो.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं सुरू झालं. पिशवी हातात मोज्यासारखी चढवायची, वाकायचं, उचलायचं, पिशवी उलटी करून गाठ मारायची. घरी येऊन मागच्या संडासात रिकामी करायची आणि पिशवी घंटागाडीत. सगळं फौजेच्या शिस्तीत. कुणी म्हणालं, "सुभेदार, नगरपालिका कशाला हाय?" तर हे म्हणाले, "कुत्रं नगरपालिकेचं हाय का?" सगळ्या कॉलनीत त्यांचं कौतुक सुरू झालं. मगदूम वहिनी मला म्हणाल्या, "तुमचं भाग्य बगा, असा मानूस मिळाला."

माझं भाग्य. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला दोन मुलं झाली ती हे लांब पोस्टिंगवर असताना. अशाच थंडीत, नळाच्या बर्फासारख्या पाण्यात मी एकटीनं बाळुती धुतली, पावसाळ्यात ती स्टोव्हवर धरून वाळवली आणि दहाच्या ठोक्याला शाळेत हजेरी लावली. हे सुट्टीवर यायचे, लेकराला मांडीवर घ्यायचे, आणि लेकरानं मांडी ओली केली की हात लांब करून ओरडायचे, "ए, ऐकलं का, घे ह्याला." नाकाला रुमाल लावल्याशिवाय ह्यांनी मोरीत पाऊल टाकलं नाही. पोटच्या पोरांचं ज्याला बघवलं नाही, तो आता भर रस्त्यात कुत्रीमागं वाकत होता आणि लोक मला भाग्यवान म्हणत होते. मगदूम वहिनींच्या पायांची ह्यांना काळजी, कुकीच्या पोटाची काळजी. माझ्या टाचा त्या थंडीत रक्त येईस्तोवर फुटल्या होत्या. त्यांना दिसल्या नाहीत.

आणि ते वाकणं तरी कसं. सकाळी मी चहाचं आधण ठेवून खिडकीतून बघायचे. गुडघे दुखतात म्हणून देवापुढंसुद्धा उभ्यानं हात जोडणारा माणूस सावकाश खाली जायचा. कुकी शेजारी शेपूट हलवत उभी. उठताना हे तिच्या पाठीवर हात टेकायचे आणि ती तेवढ्यापुरती ताठ उभी राहायची. दोघांचं काहीतरी ठरलेलं होतं, ज्यात मी नव्हते.

त्याच दिवसांत माझा भाऊ आण्णा जतहून आला. हुरड्याची पिशवी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. आमचं माहेर धनगराचं. आता आण्णाची डाळिंबं आहेत, पण आमचं लहानपण मेंढरांमागं गेलं. सकाळी आण्णा दारापुढच्या ओट्यावर तंबाखू मळत बसला होता, तेवढ्यात सुभेदार कुकीला घेऊन आले, हातात गाठ मारलेली पिशवी. आण्णा निरखून बघत होता. मग अदबीनं म्हणाला, "जावईबापू, कितीसं साठलं?"

"काय?" सुभेदारांना कळेना.

"खत वं. काल बी बगितलं, आज बी बगतुया. येक सांगू का, एका कुत्रीवर परसडं पिकत न्हाई. त्यात कुत्र्याचं खत लय उष्ण, झाडं जळत्यात. मी लेंड्याचं पोतं धाडतो की जतवरनं."

मी पदर तोंडात कोंबून आत पळाले. खूप दिवसांनी मला हसू आलं होतं. पण आण्णाचं तरी काय चुकलं? आमच्याकडं जनावरामागं वाकून कुणी काही उचललं तर ते रानात टाकायलाच. सुगी झाली की गावोगावचे शेतकरी आमच्या वडलांकडं येऊन बसायचे, "आवं, यंदा आमच्या रानात मेंढरं बसवा." रात्री कळप त्यांच्या रानात बसायचा, सकाळपर्यंत लेंड्यांनी जमीन काळी व्हायची, आणि त्याबद्दल आमच्या घरी ज्वारी यायची. कुणाच्या रानात आधी, यावरून दोन भावकीची माणसं एकमेकांच्या अंगावर धावलेली मी बघितलीत. बांधावर पडलेल्या शेणावरूनसुद्धा भांडणं. माझ्या बैलाचं, माझं. सातारच्या कॉलनीतही जनावराच्या घाणीवरून भांडणं होतात, पण इथं जो तो म्हणतो, माझ्या कुत्र्याचं नव्हेच ते, तुझ्याच. आण्णाला मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्यानं मळलेली तंबाखू दाढेखाली सारली. मग म्हणाला, "म्हंजे आपलं म्हनायला कुनी तयारच न्हाई. आन् तुझा नवरा म्हनतोय. चांगला हाय की गं."

त्यालाही तोच चांगला दिसला. मी हुरडा भाजायला घेतला.

थंडी उतरणीला लागली तेव्हा सुभेदारांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला. डोळ्याचं म्हटलं की माझ्या माहेरच्या माणसांना सांगली-मिरजेशिवाय दुसरं गाव सुचत नाही. आण्णानं सांगलीतला ओळखीचा डॉक्टर गाठला आणि ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, काही आठवडे ओझं उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, आणि मुख्य म्हणजे खाली वाकायचं नाही.

"थोडं वाकलं तर?" सुभेदारांनी विचारलं.

"कशासाठी वाकायचंय तुम्हाला?"

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडं बघितलं.

गाडी कऱ्हाडच्या पुढं येईपर्यंत ते काळा चष्मा लावून बसले होते. मग म्हणाले, "बाईंचं कसं?" माझा हात धरून दवाखान्याच्या पायऱ्या उतरले, मी रात्रभर उशाशी बसले, त्याबद्दल काही नाही. बाईंचं कसं.

"मी फिरवीन," मी म्हटलं.

"आन् ते?"

"बघू."

दुसऱ्या दिवशी मी कुकीला घेऊन गेले. पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली होती. कुकी मगदूम वहिनींच्या कुंपणाच्या कोपऱ्यावर बसली. मी तिथंच उभी राहिले. पिशवी हातात चढवायला घेतली आणि मला ती सगळी बाळुती आठवली, एकेक. म्हटलं, ह्या घरातलं मी पुष्कळ उचललंय. सवतीचं उचलायचं राहिलं होतं का? मी साखळी ओढली आणि घरी आले. रिकामी पिशवी टेबलावर ठेवली आणि तोंडावर सांगितलं, "न्हाई उचललं मी. जमणार न्हाई मला."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवी घेतली, काळा चष्मा सारखा केला आणि दाराबाहेर पडले. मला वाटलं, ओट्यावर बसायला गेले. मग लक्षात आलं आणि मी तशीच पळाले. हा माणूस कोपऱ्यावर कुंपणाला हात धरून खाली जायच्या बेतात होता. मी मागून त्यांचा स्वेटर धरला.

"डोळा जाईल तुमचा."

"दुसरा हाय."

"एका कुत्रीपायी डोळा घालवणार?"

"वैनी निघत्यात आत्ता. अनवाणी जात्यात त्या."

बस. वहिनी, कुत्री, कॉलनी, सगळ्यांची नावं येत होती. माझ्या तोंडून जे इतके दिवस निघालं नव्हतं ते तिथं, कुत्र्याच्या घाणीजवळ उभं राहून निघालं. "ह्या कुत्रीसाठी वाकता. लोकांसाठी वाकता. माझ्यासाठी कधी वाकलात का हो? एकदा तरी?"

त्यांनी मान वळवली. काळ्या चष्म्यामुळं मला त्यांचे डोळे दिसेनात. रस्त्यावरून एक दूधवाला गेला, त्यानं आमच्याकडं बघितलं.

"तू कवा काय खाली पडू दिलंस?" ते म्हणाले. "मी यायच्या आदी सगळं उचललेलं असायचं."

आता याला काय म्हणायचं? कौतुक म्हणावं तर यात पळवाट होती, आणि पळवाट म्हणावं तर ते खरं होतं. ह्यांची सुट्टी लागली की मी घर लख्ख करून ठेवायचे. मुलांची आजारपणं, छताची गळती, शाळेतली बोलणी, सगळं पत्रात 'इकडे सर्व क्षेम' म्हणून लिहायचे. पण म्हणून माणसानं कधी विचारायचंच नाही? माझं समाधान झालं नाही, अजूनही झालेलं नाही. तेवढ्यात मगदूम वहिनींच्या दाराची कडी वाजली. मी सुभेदारांच्या हातातून पिशवी हिसकावली, म्हटलं, "सरका," आणि वाकले.

ते गरम असतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. थंडीनं बोटं बधिर झालेली, आणि पातळ प्लास्टिकमधून ती ऊब तळहाताला लागली. मला शिसारी यायला हवी होती. आली नाही. मला एवढंच वाटलं की हे रोज सकाळी ह्या माणसाच्या हाताला लागतं आणि तो घरी येऊन एक अक्षर बोलत नाही. त्याचाही मला हेवा वाटला. जिवंत जीवाचं काहीतरी आपल्या हातात येणं किती वर्षांपूर्वी संपलं होतं माझं. मुलं आपापल्या गावी, आणि मी शाल पांघरून खिडकीत.

मग मी रोज जाऊ लागले. कुकी बसायच्या आधी गोल गोल फिरते, आणि बसली की वर आपल्या तोंडाकडं बघते. अगदी लहान मुलासारखी, कुणी रागावत तर नाही ना म्हणून. पहिले दिवस ती निघताना फाटकाशी थांबून मागं वळायची. खिडकीत सुभेदार काळा चष्मा लावून उभे असायचे, तिच्यासाठी. हात हलवायचे. माझा जीव जळायचा. मी साखळीला हिसका द्यायचे आणि लगेच तिची मान दुखली असेल म्हणून थांबायचे.

एकदा कोपऱ्यावर आमच्या कॉलनीतले, शिकवणीचे क्लास घेणारे सर भेटले. त्यांचं अल्सेशियन मगदूम वहिनींच्या वाटेवर बसलेलं आणि सर वर बघत उभे. मी जवळ जाऊन म्हटलं, "सर, आभाळात काही नाही. खाली बघा." ते म्हणाले, "अहो, पिशवी आणायची विसरलो." मी कमरेला खोचलेली जादा पिशवी काढून पुढं धरली. चौथीच्या वर्गात गृहपाठाची वही मागताना जसा हात धरायचे तसा. सर वाकले. त्यांना वाकताना बघून मला जे सुख झालं ते मी इथं लिहीत नाही. घरी आले तर सुभेदारांना खिडकीतून सगळं ऐकू गेलं होतं. चहा ओतून घेताना म्हणाले, "लय बोललीस." आणि हसले. ते हसणं पूर्ण माझं होतं. कुकी तेव्हा झोपलेली होती.

नंतर तपासणीला पुन्हा सांगलीला गेलो. डॉक्टर म्हणाले, झकास, आता वाका खुशाल. परत येताना उद्या सकाळी कोण जाणार, हे ना त्यांनी विचारलं ना मी. मला वाटलं, विचारतील. जेवण झालं, अंथरुणं पडली, तरी विचारलं नाही.

पहाटे मला जाग आली. साखळी वाजू नये म्हणून कुणीतरी तिच्या कड्या मुठीत आवळून उचलत होतं. "हळू," सुभेदार कुकीला सांगत होते, "झोपलीय ती." मग कडी सरकली, दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

असेच जायचे ते. सुट्टी संपली की पहाटेच्या गाडीला, ट्रंक खांद्यावर घेऊन, मला न उठवता. मुलं उठतील, रडतील, म्हणून. मी जागीच असायचे. डोळे मिटून आधी कडीचा आवाज ऐकायचे, मग फाटकाचा, मग बुटांचा, आणि मग काही ऐकू यायचं नाही. मागं जावं असं प्रत्येक वेळी वाटायचं. पण ती गाडी जम्मूला जाणारी, पदरात दोन पोरं. कुठवर जाणार होते मी? उजाडेपर्यंत तशीच पडून राहायचे आणि मग उठून शाळेचा डबा करायचे. ज्यांच्याबरोबर ते जायचे त्या सगळ्यांचा मला हेवा वाटायचा, त्यांच्या पलटणीचा, त्यांच्या ट्रंकेचासुद्धा. आज ह्या कुत्रीचा वाटत होता.

फाटक वाजलं. मी डोळे मिटून पडले होते, सवयीनं. आणि मग माझ्या मनात आलं, आज तर ते इथल्या चार भिंती स्मारकाच्या रस्त्यापर्यंतच जाणार आहेत.

मी उठले. शाल ओढली, पायांत चपला सरकवल्या आणि दार उघडं टाकून रस्त्यावर आले. दोघं कोपऱ्यापर्यंत पोचली होती.

"अहो," मी हाक मारली, "थांबा की. मी येते."

दोघंही थांबली.